पाळणावालीची गाडी आणि मास्तरांचं फाटक

गाडी गल्लीत वळली तेव्हा मी खिडकीशी बसून मुद्रितं तपासत होते. आधी आवाज आला, मग टेबलावरचा कप बशीत किणकिणला, आणि मग माझ्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीखालून एक पिवळा पाळणा हळूहळू सरकत गेला. माणूस उभा राहील एवढा पत्र्याचा पाळणा, घडी घातलेल्या लोखंडी हाताच्या टोकाला. त्याच्या पुढे हिरवा ट्रक. ट्रक आमच्याच दारात थांबला, दार उघडलं आणि त्या उंच बैठकीवरून खाली उडी मारली माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईने.

तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर चार पावलं मागे गेली, कमरेवर हात ठेवले आणि गाडीकडे पाहून खुदकन हसली. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो, बाहेर या ना. आणली."

तिचा नवरा टेलर. पुढच्याच खोलीत त्याचं मशीन आणि कापडं बेतायचं लांबलचक टेबल. तो गळ्यात मापाची टेप तशीच लटकवून बाहेर आला, गाडीला एक फेरी मारली, टायरवर हात फिरवला आणि म्हणाला, "एवढी मोठी? तू तर म्हणालीस लहान आहे."

"वापरलेली आहे म्हणाले होते मी. लहान कुठे म्हणाले?"

आमची गल्ली अठरा घरांची. त्या दिवसापर्यंत ती आमच्या लेखी टेलरची बायको होती. त्या संध्याकाळपासून ती पाळणावाली झाली, आणि आजही तिचं तेच नाव आहे.

तिला ही गाडी का एवढी प्यारी होती ते सांगितलं पाहिजे. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात तिने एकोणीस वर्षं काम केलं. पाटी लावायची, तिच्यातले दिवे जोडायचे, बंद पडले की दुरुस्त करायचे. सगळं शिडीवरून. एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्या हाताने तार, आणि पेचकस दातांत. एकदा शिडी सरकली आणि ती एका चपलांच्या दुकानाच्या छतावरून खाली आली. हासळीचं हाड मोडलं. पुढे कारखान्याने पाळण्याची गाडी घेतली, पण ती चालवायला आणि पाळण्यात उभं राहायला दोन नवे पुरुष ठेवले. हिला सांगितलं, तू आपली शिडीच बरी. हिने कुणाशी वाद घातला नाही. अडतिसाव्या वर्षी जड वाहनाचा परवाना काढायला गेली. पहिल्या परीक्षेत गाडी मागे घेताना तिने खुणेचा खांब आडवा केला आणि परीक्षकाने तिला घरी पाठवलं. दुसऱ्या वेळी पास झाली. चार वर्षांनी कारखान्याने तीच गाडी जुनी झाली म्हणून विकायला काढली, तेव्हा घेणारी हीच होती. कारखान्यातली नोकरी तिने त्याच दिवशी सोडली. आता स्वतःची गाडी, स्वतःचं काम.

पहिला आठवडा गल्ली खूश होती. लोक येता-जाता पाळण्याबद्दल विचारायचे, ती हात उघडूनही दाखवायची. तो लोखंडी हात उलगडत वर गेला की आमच्या घरांची छपरं त्याच्याखाली ठेंगणी दिसायची. तिला दिवसाला चार-चार कामं येऊ लागली. दुकानं उघडण्याआधी पाट्यांची कामं उरकावी लागतात, म्हणून ती पहाटे साडेपाचला निघायची. आणि तिथेच माशी शिंकली.

गाडी थंड असली की सुरू व्हायला तीन-चार झटके घ्यायची. मग धूर. मग गल्लीच्या तोंडाशी वळायला जागा नाही म्हणून ती मागे मागे घेत न्यायची, आणि मागे घेताना गाडी जो टी-टी-टी आवाज करायची, तो अठरा घरांच्या अठरा बिछान्यांत पोहोचायचा. संध्याकाळी गाडी दारात उभी राहिली की रस्त्याचा निम्मा भाग खाऊन टाकायची. एकदा समोरच्या घरातून बाहेर पडणारी सायकलवाली मुलगी गाडीआडून अचानक पुढे आली आणि येणाऱ्या रिक्षाच्या चाकापासून वीतभर लांब थांबली. कुणाला काही झालं नाही, पण थोडक्यात वाचली.

समोरचं घर मास्तरांचं. निवृत्त झालेले, छत्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवलेले. घराला विटांची कंबरेएवढी भिंत आणि लोखंडी, दोन पाखांचं म्हणजे दोन झडपांचं फाटक. ती सायकलवाली मुलगी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहणारी. मास्तर दुसऱ्या दिवशी टेप घेऊन बाहेर आले. रस्ता मोजला, गाडी मोजली, उरलेली जागा मोजली. मग पाळणावाली घरी आली तेव्हा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, रस्ता अठरा फूट. तुमची गाडी सात फूट, भिंतीपासून तुम्ही दोन फूट सोडता. उरले नऊ. नऊ फुटांत समोरासमोर दोन वाहनं येऊ शकत नाहीत. हे माझं मत नाही, हे माप आहे."

ती दमून आली होती. म्हणाली, "गुरुजी, मग मी गाडी डोक्यावर घेऊन झोपू का?"

ते उत्तर मास्तरांना लागलं. त्यांनी अर्ज लिहिला, सुवाच्य अक्षरात, आकृतीसकट. नगरपालिकेत द्यायच्या त्या अर्जावर अकरा घरांच्या सह्या झाल्या. त्यातली एक माझी आहे. मी रात्री उशिरापर्यंत काम करून झोपायचे आणि साडेपाचची ती टी-टी मला असह्य झाली होती. सही केली तेव्हा मला खाली शिलाई मशीनचा आवाज ऐकू येत होता. तरीही केली. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन मी तिला ते सांगूनही टाकलं. ती टाचणीच्या डबीशी खेळत ऐकत राहिली, मग म्हणाली, "आवाज होतो हे खरं आहे. मला माहीत नाही का? मी तर त्याच्या आतच बसलेली असते."

दहा दिवसांत वाहतूक खात्याच्या निरीक्षक बाई आल्या. खाकी कपडे, कमी बोलणं. त्यांनी गाडीच्या काचेला कागद चिकटवला. राहत्या वस्तीच्या रस्त्यावर एवढ्या वजनाचं धंद्याचं वाहन उभं करता येत नाही. पंधरा दिवसांत हलवा, नाहीतर सोळाव्या दिवशी ओढून नेऊ. पाळणावालीने विचारलं, हलवू कुठे? त्यांनी शहराबाहेरच्या ट्रक तळाचा पत्ता दिला. तो तळ इथून दोन बस बदलून सव्वा तासावर. साडेपाचला कामाला निघायचं तर तिने साडेतीनला उठून बस धरायची, आणि त्या वेळी बसच नसते.

टेलर खचला. त्याने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच शिवल्या. पाळणावाली मात्र त्या कागदापाशी उभी राहून तो दोनदा वाचून गेली, आणि मग तिने जे केलं ते मी वरून पाहिलं. ती गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, प्रत्येक भिंत, प्रत्येक फट बघत. परत आली. आमच्या घराच्या भिंतीला लागून एक बोळ आहे, पलीकडे बेकरीची भिंत. तिथे ती थांबली.

त्या बोळाकडे आम्ही कुणी कधी पाहतच नव्हतो. तो गच्च भरलेला असायचा. पावाचे मोडके पेटारे, गंजलेले ट्रे, जुन्या भट्टीची दारं, फाटकी पोती. ती एका पेटाऱ्यावर चढली, दुसऱ्यावर पाय दिला आणि पलीकडे डोकावली. पलीकडे बेकरीचं मागचं अंगण होतं. चांगलं ऐसपैस, फरसबंदीचं, पूर्वी बेकरीच्या घोडागाड्या उभ्या राहायच्या तिथे. वरून मला तिची फक्त पाठ दिसत होती, पण ती पेटाऱ्यावर चवड्यांवर उभी राहिली तेव्हाच मला कळलं की हिला काहीतरी सापडलंय.

ती तशीच बेकरीत गेली. बेकरीवाले काका पिठाने माखलेले, कायम घाईत. त्यांनी अंगण द्यायला नकार दिला नाही, पण ते हसले. बोळातून हातगाडी जाते, ट्रक नाही, असं त्यांचं म्हणणं. तिने बोळ मोजला होता. आठ फूट दोन इंच. गाडी सात फूट. "काका, जाते की नाही ते माझ्यावर सोडा. जागा देता का एवढंच सांगा." काकांनी बदल्यात त्यांची पाटी मागितली. बेकरीच्या पाटीतले दिवे सहा वर्षांपासून बंद होते, संध्याकाळी दुकान बंद आहे असं समजून लोक परत जायचे. तिने दुसऱ्याच दिवशी पाळणा वर नेला, पाटी उघडली, आतून चिमणीचं एक घरटं आणि जळक्या तारांची जुडी काढली. घरटं रिकामं आहे ना ते आधी नीट पाहिलं. संध्याकाळी पाटी लखलखली. काका पीठ झटकत रस्त्यावर आले आणि आपल्याच दुकानाकडे पाहत बराच वेळ उभे राहिले.

बोळ रिकामा करायला एक पूर्ण रविवार गेला. मीसुद्धा गेले मदतीला. सही करून बसले होते, घरात चैन पडेना. भट्टीचं एक दार उचलताना टेलर, काका आणि मी असे तिघं लागलो. दुपारपर्यंत बोळ मोकळा झाला आणि आरपार उजेड दिसला. मग ती गाडीत बसली.

तो पहिला प्रयत्न आठवला की मला आजही हसू येतं आणि अंगावर काटाही येतो. तिने गाडीचं तोंड बोळात घालायचा प्रयत्न केला. रस्ता अरुंद, गाडी वीस फूट लांब. तोंड बोळात जाई, पण मागचा भाग वळेचना. मागचं चाक आमच्या भिंतीच्या कोपऱ्याला घासलं आणि गिलाव्याचा पापुद्रा खाली पडला. ती मागे आली, पुन्हा गेली. सात वेळा. गल्लीतली माणसं दारांत, गच्च्यांवर. कुणी म्हणे डावीकडे, कुणी म्हणे उजवीकडे, आणि दोघेही एकाच बाजूला हात करत होते. आठव्या वेळी तिने इंजिन बंद केलं आणि सुकाणूवर कपाळ टेकलं.

तेव्हा फाटक वाजलं. मास्तर बाहेर आले. सदऱ्याची बटणं नीट लावलेली, पायात घरातल्या चपला. त्यांना राहवलं नाही, हेच खरं. छत्तीस वर्षं फळ्यावरच्या चुका दुरुस्त केलेल्या माणसाला समोर चुकीची आकृती किती वेळ बघवणार?

"बाई, तुम्ही उलट करताय," ते म्हणाले. "वळतात पुढची चाकं. मागची नुसती त्यांच्या मागे जातात. ज्या बाजूची चाकं वळत नाहीत ती आधी आत घाला. मागे घेऊन जा."

ती खिडकीतून खाली बघत राहिली. "मागे घेतली तर तोंड किती बाहेर फिरेल, गुरुजी?"

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "ते काढावं लागेल," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं, ते मी वरूनसुद्धा ओळखलं असतं. पण मी तेव्हा खालीच होते.

पुढचे तीन दिवस टेलरच्या टेबलावर कापड बेतलं गेलं नाही. टेलरने त्याच्या नमुन्यांच्या जाड कागदातून गाडी कापली, एका फुटाला एक इंच या हिशोबाने, चाकांच्या जागांसकट. मास्तरांनी टेबलावर टेलरच्याच खडूने गल्ली आखली. इकडे आमचं घर, इकडे बेकरी, मधे बोळ, समोर मास्तरांची भिंत. पाळणावाली गाडीचं एकेक माप सांगायची, सुकाणू किती वळतं, मागचा पाळणा किती बाहेर येतो. मास्तर कंपास टेकवून वळणाचा चाप काढायचे. टेलर कागदाची गाडी इंच-इंच सरकवायचा, कारण त्याचा हात सगळ्यांत स्थिर. एखादी रेघ भिंतीला लागली की मास्तर "नाही" म्हणायचे आणि सगळं पुसून पुन्हा सुरू व्हायचं. शिकवताना त्यांचा आवाज चढायचा. एकदा त्यांनी पाळणावालीला विचारलं, केंद्र कुठे आहे? तिने बरोबर बोट ठेवलं. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "शाळेत कुठे होता तुम्ही?"

"शिडीवर," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर निघालं. गाडी मागे घेतली तर बोळात शिरते. मागच्या कोपऱ्याला बेकरीच्या भिंतीपासून चार बोटं जागा राहते, आतल्या चाकाला आमच्या भिंतीपासून चार बोटं. फक्त वळताना गाडीचं तोंड रस्त्याबाहेर सव्वा फूट जातं. खडूचा चाप टेबलावरच्या समोरच्या भिंतीची रेघ ओलांडून पलीकडे गेला होता. बरोबर जिथे मास्तरांचं फाटक होतं, तिथे.

मास्तरांनी पुन्हा कंपास लावला. चाप तिथेच गेला. त्यांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा लावला.

मास्तरीणबाई त्यांना जेवायला बोलवायला आल्या होत्या. त्या टेबलावर वाकल्या, आकृती पाहिली, आणि सरळ म्हणाल्या, "अहो, मग फाटक उघडायचं. उघडतं ते."

"रोज? दोनदा? पहाटे साडेपाचला?"

"तुम्ही पाचला उठून खोकत बसता. त्याऐवजी फाटक उघडा."

मास्तर रागावून जेवायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलेलं मी पाहिलं.

नोटिशीचा चौदावा दिवस उजाडला. दुपारी चारची वेळ ठरली होती, म्हणजे उजेड भरपूर. साडेतीनलाच गल्ली भरली. बेकरी बंद नव्हती पण काउंटरवर कुणी नव्हतं, सगळे बाहेर. रस्त्यावर मास्तरांनी खऱ्या मापाने खडूची रेघ ओढली होती, एक मोठा बाक घेतलेली पांढरी रेघ, आणि ओणव्याने रेघ ओढताना ते गुडघ्यांना नावं ठेवत होते. टेलर बोळाच्या आत उभा, मागचं पाहायला. काका बेकरीच्या कोपऱ्याशी. मास्तर आपल्या उघड्या फाटकात, एक हात वर करून. मला आमच्या भिंतीचा कोपरा दिला होता, चार बोटं राहतात का ते सांगायला.

पाळणावालीने दोन्ही बाजूंचे आरसे आत दुमडले. आरशांशिवाय मागचं दिसणार नव्हतं, आरशांसकट बोळात शिरणार नव्हती. म्हणजे आता तिने आमच्या आवाजांवर गाडी घ्यायची होती. तिने केस घट्ट बांधले, बैठक पुढे ओढली आणि गाडी सुरू केली. टी-टी-टी सुरू झालं. त्या दिवशी तो आवाज कुणाला खटकला नाही.

पुढचं चाक खडूच्या रेघेवरून जात होतं. रेघ सोडत नव्हतं. मागचा पाळणा बोळाच्या तोंडाशी आला, हळूच आत शिरला. टेलर आतून ओरडत होता, "येऊ दे, येऊ दे." माझ्यासमोर मागचं चाक आलं. मी चार बोटं भिंतीला लावली, चाकाचं रबर माझ्या तर्जनीला घासून गेलं, भिंतीला नाही. "राहतंय," मी ओरडले, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. तिकडे गाडीचं तोंड फिरत फिरत मास्तरांच्या फाटकाकडे चाललं होतं. तोंडाची हिरवी दांडी, म्हणजे बंपर, भिंतीच्या रेषेशी आली. रेषा ओलांडली. फाटकात शिरली.

आणि कर्र असा आवाज झाला.

मास्तरांनी हात खाली आणला. गाडी थांबली. गाडीची पुढची दांडी फाटकाच्या उघडलेल्या पाखाला टेकली होती. पाख पूर्ण मागे जातच नव्हतं, आत पायरी होती, तिला अडत होतं. तीन बोटांचा प्रश्न होता. फक्त तीन. गाडी आता ना पुढे जाऊ शकत होती ना मागे, कारण पुढे आली तर मागचा कोपरा बेकरीच्या भिंतीला लागणार. गल्लीच्या दोन्ही तोंडांना वाहनं थांबली, हॉर्न वाजू लागले.

मास्तर फाटकाकडे बघत उभे होते. चेहरा असा, की जणू फळ्यावर चूक त्यांची निघाली आहे आणि वर्ग भरलेला आहे. मग ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चूक माझी. मी फाटक म्हणजे रेघ धरली. रेघेला जाडी नसते. फाटकाला असते."

पाळणावालीने खिडकीतून डोकं काढलं. "गुरुजी, घाबरू नका. माझा पाय ब्रेकवर आहे, मी हलत नाही. तुम्ही विचार करा."

मास्तरांनी विचार केला नाही. त्यांनी चपला काढल्या, फाटकाचं पाख खालून धरलं आणि उचलायला लागले. सत्तरीला टेकलेला माणूस. मी भिंत सोडून धावले, काका धावले, मास्तरीणबाईंनी पदर खोचला आणि वरची दांडी धरली. तेल घातल्यामुळे बिजागरी चिकटली नव्हती. एक, दोन, आणि तिसऱ्या हिसक्याला पाख खुंटीवरून निघालं आणि आम्ही चौघं त्याच्यासकट अंगणातल्या कुंड्यांवर जाऊन पडलो. एक कुंडी फुटली. मास्तर बसल्या बसल्याच हात वर करून ओरडले, "घ्या मागे."

तिने घेतली. तोंड फाटकातून सव्वा फूट आत आलं, आमच्या डोळ्यांसमोरून अर्धवर्तुळ काढत निघून गेलं, आणि मग गाडी सरळ झाली. सरळ, बोळाच्या बरोबर मधोमध. सुरी म्यानात जावी तशी ती आत गेली. आधी मागचा भाग, मग मधला, मग हिरवं तोंड, आणि शेवटी रस्ता रिकामा. नुसती पांढरी रेघ.

टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही. थांबलेल्या रिक्षावाल्यांनीही हॉर्न वाजवले, यावेळी वेगळ्या सुरात. टेलर आतल्या बाजूला अडकला होता, गाडीच्या मागे, आणि त्याचा फक्त आवाज येत होता, "बसली गं, बसली." पाळणावालीने गाडी मागे अंगणापर्यंत नेली, उतरली आणि बोळातून बाहेर आली. सगळं अंग घामाने भिजलेलं. ती थेट मास्तरांकडे गेली. त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी हात धरला, उठले, आणि मग तिच्या हाताकडे पाहिलं. तिने त्यांचा हात अजून सोडला नव्हता.

"घाबरला होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "परीक्षेत खांब पाडला होता मी मागे घेताना."

"आज एकही पाडला नाही. कुंडी मी फोडली."

सोळाव्या दिवशी निरीक्षक बाई ओढून नेणारी गाडी घेऊन आल्या. आमच्या दारात ट्रक नव्हता. त्यांना वाटलं, गेली तळावर. काकांनी त्यांना बोळातून मागे नेलं. त्या अंगणात उभ्या राहिल्या, गाडीभोवती फिरल्या, बोळ पाहिला, पुन्हा गाडी पाहिली. त्यांनी विचारलं, ही इथे आली कशी? काका सांगायला लागले, मग मास्तरांना बोलावलं, मग मास्तर सांगायला लागले, आणि त्यांनी खडू काढला. निरीक्षक बाईंनी वीस मिनिटं उभं राहून सगळं ऐकलं. कागदावर शेरा मारला की जागा खासगी आहे, वाहन रस्त्यावर नाही, तक्रार निकाली. जाताना त्यांनी पाळणावालीला बाजूला घेऊन विचारलं की त्यांच्या कार्यालयाच्या पाटीतली दोन अक्षरं वर्षभर उजळत नाहीत, ती येऊन पाहील का.

मास्तर बदलले असं मी म्हणणार नाही. धुराबद्दल ते आजही कुरकुरतात, आणि एकदा इंजिनाचं तेल रस्त्यावर सांडलं तेव्हा त्यांनी तिला चिठ्ठी लिहून पाठवली होती. फाटकाचं ते पाख त्यांनी पुन्हा बसवलं नाही. पाळणावालीने कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या लोहाराकडून एक सरकतं फाटक करून आणलं, भिंतीच्या आतून जाणारं, ज्याची जाडी कुणाच्या आड येत नाही. आता पहाटे गाडी तोंड पुढे करून निघते, म्हणून टी-टी-टी नाही. संध्याकाळी सहाला वाजते, तेव्हा सगळे जागेच असतात. त्या वेळी कुणाचं वाहन बोळासमोर उभं असलं तर हलवून घ्यायला मास्तर आधीच बाहेर आलेले असतात, आणि हे काम ते इतक्या कडकपणे करतात की गल्लीत येणारे पाहुणेसुद्धा त्यांना टरकून असतात.

गेल्या महिन्यात पाळणावालीने दोन जणींना कामाला घेतलं. दोघीही पूर्वी शिडीवर काम करणाऱ्या. त्यातली एक परवान्याच्या परीक्षेची तयारी करते आहे. रविवारी दुपारी गाडी रस्त्यावर निघते, मास्तर खडूने रेघ ओढतात, आणि ती मुलगी ओठ चावत ट्रक मागे घेते. मी खिडकीशी काम घेऊन बसते, पण त्या तासात माझ्याकडून एक पानसुद्धा तपासून होत नाही.